शैला टीचरांच्या वर्गातली पाच मुलं

शैला टीचरांच्या घरच्यांनो, पालकांनो, इथे आलेल्या सगळ्यांनो, मला भाषण येत नाही. मी मांद्र्याची, गौरीची आई. कागदावर लिहून आणलंय, पण आता अक्षरं दिसत नाहीत. तशीच बोलते.

माझी गौरी सात वर्षांची. अजून दोन-चार शब्दच बोलते. पेडण्यात टीचर अशा पाच मुलांना एकत्र बसवून शिकवायच्या. गौरी तिथे चावायची.

एके दिवशी साबणाचे फुगे उडवायचा खेळ चालला होता. नळी शेजारच्या आर्याच्या हातात गेली, आणि गौरीने तिच्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. आम्ही आया मागेच बसायचो. मी उठले आणि सगळ्यांदेखत गौरीच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन.

टीचर ओरडल्या नाहीत. आधी आर्याचा हात धुतला, तिला तिच्या आईच्या मांडीवर दिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मारू नको गो तिका. आपलो नंबर येतलो काय नाय, ह्याच तिका कळना."

मी म्हटलं, "टीचर, उद्यापासून आम्ही येणार नाही. लाज वाटते मला."

"लाज कसली? तू दमलंस. बस हंय."

मला मुलांमध्ये चटईवर बसवलं. भिंतीवर पाचही मुलांचे फोटो ओळीने लावले. ज्याचा नंबर, त्याच्या फोटोवर बोट. पहिल्या दिवशी गौरीने फक्त एका मुलापुरतं थांबायचं. एकाच. थांबली की लगेच नळी तिच्या हातात. मग दोघांपुरतं. चौघांपुरतं थांबायला तिला आठ महिने लागले. आठ महिने! टीचरांनी एकदाही घाई केली नाही.

त्यांचे आभार मानायचे होते. रोज म्हणायचे, उद्या मानीन. गेल्या आठवड्यात हृदयविकाराने त्या गेल्या. आता कोणाचे मानू?

सोमवारी गौरी वर्गाच्या बंद दाराशी उभी राहिली. म्हणाली, "टीचर?"

"टीचर येणार नाहीत, बाय."

माझा हात धरून ती कडकडून चावली. माझा दुसरा हात उठला. उठला, पण तिच्यावर पडला नाही. तिथेच पायरीवर तिला कुशीत घेऊन बसले. दोघी रडलो, पोटभर.

आता दोन मिनिटं उभे राहूया. ही पाचही मुलं इथे आहेत. ती ओरडतील, पळतील. कोणी दटावू नका त्यांना. त्यांच्या तोंडून एक शब्द फुटावा म्हणून टीचर तासन्‌तास बसायच्या. गप्प आपण राहूया.