डावीकडून पहिली

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी-आजोबा उभे होते.

"कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की चित्राच्या चारही कडा कापल्या जातात हो. पाच वाजता नातीचा नाच ऑनलाइन दाखवणार आहेत आणि ती रांगेत डावीकडून पहिली!"

"रिझोल्यूशन बदलून पाहिलंत, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"सगळी पाहिली. एकदा तर अक्षरं मुंगीएवढी झाली."

"मग कॉम्प्युटर ठीक आहे. तुमचा टीव्हीच चित्र ताणतोय. रिमोटवर चित्राचा आकार निवडा आणि 'स्क्रीन फिट' करा."

"एवढंच? मी उगाच पंधरा दिवस केबलला शिव्या घातल्या."

"अहो, आधी नाचाच्या बाईंना फोन लावा," आजी म्हणाल्या.

"त्यांना कशाला?"

"सकाळी मी त्यांच्या हातापाया पडले. त्यांनी आपल्या पोरीला मधे घेतलं."

"अगं, काय हे! मधे कोण होतं?"

"ती उंच मुलगी. आता ती डावीकडून पहिली."

"मग राहू दे की. आपली मधे झकास दिसेल."

"आणि तिच्या आजीचा टीव्हीही आपल्यासारखाच असला तर?"

आजोबांनी खिशातून फोन काढला.

"नंबर सांग."