दोन रेघांचा फरक

प्रयोगशाळेच्या खिडकीशी माझ्यापुढे दूध केंद्रावरचे एक काका उभे होते; आत तपासनीस बाई.

“काका, शुद्ध पाण्यात तुमच्या लॅक्टोमीटरनं शून्य दाखवायला हवं. हा दोन रेघा कमी दाखवतोय.”

“पुन्हा बुडवून बघा ना.”

“अहो, तीनदा बुडवला.”

“म्हणजे चांगलं दूधसुद्धा पाणी घातल्यासारखं दिसणार?”

“दिसणारच. कधीपासून वापरताय?”

“चार वर्षं झाली. वहिनी पोरांची शपथ घेऊन सांगत होती, तरी मी चारचौघांत तिची किटली परत पाठवली. दादा तेव्हापासून बोलत नाही.”

“मग तेव्हाच का नाही तपासून घेतलात?”

“काचेवर कोण संशय घेतं, मॅडम?”

“बरं, दाखला केंद्राच्या नावानं लिहू?”

“नको. वहिनीच्या नावानं लिहा.”