विद्यापीठ बंद पडल्याची बातमी

"ते घरबसल्या शिकवणारं विद्यापीठ बंद पडलं म्हणे, आणि आता…" एवढंच कानावर आलं आणि लिफ्टचं दार लागलं. मी कसली गप्प बसते! थेट शेजारच्या वैशालीकडे गेले. ती अंगणवाडीत आहे. बढतीला पदवी लागते, म्हणून त्याच विद्यापीठातून बीएचं शेवटचं वर्ष करतेय. ऐकून तिने हातातलं पुस्तक मिटलं.

रविवारी दोघी रिक्षाने नौपाड्याला, तिच्या अभ्यासकेंद्रावर गेलो. केंद्र म्हणजे एका शाळेतले दोन वर्ग. दोन्हींना कुलूप! वैशालीने कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

शाळेचा शिपाई म्हणाला, "विद्यापीठ कुठलं बंद पडतंय, ताई? आधी पुस्तकं पोस्टाने यायची, मग इथे रविवारचे वर्ग आले, आता सगळं मोबाईलवर. बंद झालंय ते आमचं केंद्र."

"आणि परीक्षा?" वैशालीने विचारलं.

"ती आहेच की. डोंबिवलीला."

मी म्हटलं, "बघ, वाचलीस गं!"

वैशाली पायरीवर टेकली. "वाचले कसली, काकू? तुमची बातमी ऐकल्यापासून पुस्तक उघडलं नव्हतं. किती वर्षांनी अशी गाढ झोप लागत होती मला!"