जितू देतो कधी कधी

‘जितू देतो बे मी तिले कधी कधी. नाई त खेळणंच सोडून देईन ती.’ — ऐकलं ना ताई तुम्ही पण? नाई ऐकलं असं नका म्हणू, डबा पुसता-पुसता तुमचा हात थांबला. ही तुमच्या खेळण्यांच्या दुकानाची भिंत म्हणजे निसता प्लायचा तुकडा, पल्याड पानठेला, अन पानठेल्यावर आमचे हे अन यांचे दोस्त निकेश भाऊजी — घुग्घुसले कोळशाच्या खाणीत आहेत ते — दोघं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेऊन राह्यले. त्यांना वाटते, आपण बाहेर आहो म्हणजे आवाज पण बाहेरच राहते. अन ‘ती’ म्हणजे कोण? मीच. दुसरी कोण असन! — नाई, बसत नाई मी, उभी बरी आहे. तुम्ही दाखवा ना डबे. दोघांनी खेळायचे दाखवा.

हा नको. सहा वर्षांच्या पोरांचा आहे हा, वरतं लिहिलंच आहे. तुमचा काय दोष — हे मले इथी सोडताना तुमच्यासमोरच म्हणाले, ‘सोपं काही दाखवा, नवीन आहे ती.’ अन तुम्ही मान डोलवली. नवीन मी लग्नात आहे ताई. — हो, ऊर्जानगरले, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, अन खिडकीतून चिमण्या दिसतात, धुराच्या. कपडे बाहेर वाळू घातले की राखेचे ठिपके घेऊन घरात येतात. हे शिफ्टवरून येतात, जेवतात, मोबाइल घेतात. मी तशी बोलत नाई जास्त. विचारा कोणालेही. सासूबाई त माझ्या माहेरी फोन करून म्हणाल्या, पोरगी चांगली आहे तुमची, आवाजच नाई. मिक्सर घेतल्यासारखं.

ही सापशिडी ठेवा आत. सापशिडीत माणूस खेळत नाई, फासा खेळते. आपण निसतं गोटी उचलून ठेवाले बसलो असतो. लुडोचं तेच. आता तुम्ही म्हणसान, नवीन माणसासंग खेळाले हेच बरं, कोणाले काही येत नसलं तरी जितता येते. हो, येते. पण मंग जितल्यावर वाटन काय? पाऊस आला अन आपल्या अंगणातही पडला, तसं. — तो काय, व्यापाराचा? नाई बाप्पा. त्यात हे बँक घेऊन बसतात. एकदा शेजारच्या जयाबाईकडे खेळलो होतो, यांनी मले माझ्याच घराचं भाडं समजावून सांगितलं, बोटानं, एक-एक नोट मोजून, अन वरून म्हणाले, ‘कळलं का? नाई कळलं त विचार, लाजायचं नाई.’ जयाबाई माझ्याकडे पाहून राह्यल्या. मी बी.कॉम. आहे ताई.

अन बोट कोणतं, ते पण सांगते. खर्रा चोळलेलं. तुम्हाले काय सांगाव, चंद्रपुरात राहून तुम्हाले कोणता पानठेला नवीन आहे! पन्नीत घोटायचं, तोंडात टाकायचं, बोट पँटले पुसायचं अन त्याच बोटानं सोंगटी उचलायची. सोंगट्यांच्या बुडाले ती लालसर भुकटी चिपकून राहते. हे झोपले की मी एक-एक धुते, फडक्यावर वाळवते. गाल फुगलेला, तोंड बंद, अन तशातच मले खेळ शिकवतात — ‘हं-हं, ऊं-हूं’ — म्हणजे ही चाल चुकली, मागे घे. मी घेते मागे. मंग थुंकाले उठतात मोरीकडे, येऊन म्हणतात, ‘आता पाह्य बरं, काय दिसते?’ काय दिसन! किळस येते मले, खरं सांगते. अन चाल बरोबर निघाली की डोक्यावर टपली. टपली! ‘अरे वा, शिकली!’ मावशीच्या घरच्या कुत्र्याले पण असंच करतात, फरक इतकाच की त्याले नंतर पोळी भेटते.

ही उभी जाळी कशाची? वरून चकत्या टाकायच्या, चार एका ओळीत — हो हो, कळलं. चांगला आहे, पण लवकर संपते. मले लवकर संपणारा नको. — हा दुसरा? दोघं एका बाजूनं अन डबा दुसऱ्या बाजूनं? म्हणजे मी अन हे मिळून पुठ्ठ्यासंग भांडायचं! चांगली आहे कल्पना. पण त्यात हेच मले चाल सांगणार, माझ्या सोंगट्या पण हेच हलवणार, अन जितलो त हे जितले, हारलो त मी नवीन आहे.

बुद्धिबळ? घरी आहे ना. माळ्यावर आहे, पाहुण्यांच्या गादीच्या मागं. — काऊन म्हणजे? डब्याले मुंग्या लागल्या असं म्हणाले हे. बुद्धिबळाले मुंग्या! झालं काय, लग्नानंतर पहिल्या-पहिल्यांदा यांनी तोच काढला. एक अख्खी संध्याकाळ मले घोडा शिकवला. अडीच घर, अडीच घर — हाताले धरून नेला घोडा. मी ‘हो’ म्हटलं. मी शाळेत असताना तालुक्याले खेळून आली होती, ढाल पण आहे माहेरी, बाबा त्याच्यावर दाढीचा आरसा टेकवतात. — नाई सांगितलं. विचारलं कुठी कोणी? यांनी पोरगी पाहाच्या वेळेस विचारलं, मासे साफ करता येतात का. केवटाच्या पोरीले! तर त्या संध्याकाळी मी हारली. दुसऱ्या दिवशी पण हारली. तिसऱ्या डावात यांनी वजीर असा आणून ठेवला माझ्या उंटाच्या वाटेत, असा उघडा, की मले राहवलं नाई. घेतला. पाच-सात चालींत मात. हे पटाकडे पाहत राह्यले, कान लाल झाले, मंग म्हणाले डोकं दुखून राह्यलं. सकाळी डबा माळ्यावर. अन मंग चार-पाच दिवस जेवण झालं की मोबाइल, अंधारात तोंडावर निळा उजेड, मी भिंतीकडे तोंड करून.

मंग मीच म्हटलं, दुसरं काही शिकवा ना मले. शिकवा म्हटलं, ऐकून राह्यल्या ना तुम्ही? ते एका शब्दानं उठून बसले. नवीन डबा आणला, पुठ्ठ्याच्या चौकोनी फरश्या जोडायचा. अन मी हारली. व्यवस्थित हारली — जवळ-जवळ जितत आणून, शेवटी चुकून. सोपं नाई ते. जितण्यापेक्षा जास्त डोकं लागते, समोरच्याले कळू न देता हाराले. तेव्हापासून रोज तासभर बसतात समोर. मोबाइल पालथा. बोलतात — प्लांटवर काय झालं, कोणता साहेब कोणाले बोलला, लहानपणी इरई नदीवर पोहाले गेले होते ते. तेवढा एक तास, ताई. त्या तासासाठी मी हारून राह्यली. एक-दोनदा जितली ते मन कुठी दुसरीकडे होतं म्हणून, हाराचंच विसरली. अन त्याच दोन वेळेचं ते आता भिंतीपल्याड सांगून राह्यले — जितू देतो म्हणून.

पाहा ना कसं आहे. मी समजते, मी जितली त हे खेळणं सोडतीन. हे समजतात, ती हारली त खेळणं सोडन. अन मधात तो पट, त्याच्यावर खरं कोणीच खेळून नाई राह्यलं. — हसा, हसा तुम्ही. मले पण हसू आलं असतं, तोंडात कडू आलं नसतं त.

तुम्ही म्हणता तसं नाई पण. नवीन माणसासंग खेळूच नये असं नाई. आमच्या गावी तलावाच्या पाळीवर एक सपाट दगड आहे, त्याच्यावर रेघा ओढलेल्या, वाघ-बकरीच्या. बाबा जाळं टाकून बसले की आम्ही तिथी खेळत होतो, माझे वाघ, बाबाच्या बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघ कोंडायचा. मी एवढीशी, अन बाबा गावात कोणाले न हारणारा माणूस. तर बाबा काय करत होते? मले दाखवून, माझ्या डोळ्यांसमोर, तीन बकऱ्या बाजूले काढून ठेवत होते. ‘ह्या तीन आज घरी राह्यल्या, दिव्यानी. बाकीच्या आल्या आहेत. चाल.’ अन मंग खेळत होते — खरं खेळत होते! दया नाई, माया नाई. माझे वाघ कोंडून-कोंडून मले रडवलं. मी मोठी होत गेली तशा तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. अन एक दिवस सगळ्या बकऱ्या आल्या, कोणीच घरी नाई राह्यलं, अन मी जितली. बाबानं टपली नाई मारली. जाळं ओढाले उठले अन म्हणाले, ‘उद्या वाघ मी घेईन.’ तो दिवस मले अजून पोटात गरम लागते. सूट द्यायची त अशी द्या ना, तोंडासमोर. मागून दिलेली सूट म्हणजे — थांबा. थांबा जरा. ऐका.

निकेश भाऊजी आहेत. ‘अंगठीच्या वेळी पण जितू देलं होतं का बे?’ — हसून राह्यले. अन हे काय म्हणतात, ऐका — ‘अंगठी त मीच काढली, तिन्ही वेळा. तिले त सापडलीच नाई, गोंधळून भकली होती पाण्यात हात घालून.’

पाण्यात हात घालून.

ताई, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या पाण्यात अंगठी टाकली, परातीत, दोघांनी शोधायची — तुमचंही झालं असन. जो काढन त्याचं घरात चालन म्हणतात, सगळे भोवती बसून ओरडतात. मी तलावात उन्हाळ्याचं पाणी आटलं की चिखलात हात घालून मरळ धरलेली पोरगी आहे. मरळ! जी हातात आली तरी निसटते, जी गाळात दगडासारखी पडून राहते. मले परातभर पाण्यात अंगठी नाई सापडन? पहिल्याच बुडीत माझ्या करंगळीले लागली. मुठीत धरली होती मी. अन यांचा हात पाण्याखाली कसा फिरत होता सांगू — अंधारात चाबी हरवलेल्या माणसासारखा. घाबरलेला. वरतं चेहरा हसरा अन खाली बोटं परातीचा तळ खरवडून राह्यली. मागून माझ्या गिरजा मावशीनं पाठीले चिमटा घेतला, ‘देऊन टाक’ म्हणून. पण मी मावशीच्या चिमट्यानं नाई दिली. मले त्या हाताची माया आली. मी अंगठी त्यांच्या बोटाखाली सरकवली, पाण्यातच. तिन्ही वेळा. त्यांच्या बोटाले माझी बोटं लागली होती — एवढं त कळते ना माणसाले? मले आतापर्यंत वाटत होतं, त्यांना माहीत आहे. आमचं दोघांचंच आहे ते, कोणाले न सांगितलेलं. म्हणून मी सगळं सोसून राह्यली, टपली पण, खर्राही — की या माणसाले ठाऊक आहे.

ठाऊक नव्हतं. परात भरून पाणी, त्यात माझा हात, अन ठाऊक नव्हतं.

नाई, रडत नाई. नाकात चुना गेला असन, तिकडून वास येऊन राह्यला ना. असं करा — हे सगळे डबे ठेवून द्या. तुमच्या त्या काउंटरवर मांडून ठेवलेला बुद्धिबळाचा पट आहे ना, दाखवायचा, तो इकडं सरकवा. चालते ना, अर्धा घंटा? गिऱ्हाईक आलं त आम्ही उचलू. पांढऱ्या तिकडं करा. हां. — आले वाटते. चपलेचा आवाज.

हो, निवडलं. नाई, सोपं नाई. या ना, इकडं या. निकेश भाऊजी, तुम्ही पण या, तुम्हाले पाहायचंच होतं ना मी कशी खेळते. ताई, यांना स्टूल द्या एक. — अहो, मी काय म्हणते, ऐका. ती अंगठी तिन्ही वेळा माझ्या हातात होती, मी दिली तुम्हाले. आता पाण्याखालून काही देणार नाई. हा पाहा माझा वजीर, तुमच्यासमोर उचलला, इकडं ठेवला. तो आज घरी राह्यला. बाकीचे सगळे आले आहेत. तुमच्या पांढऱ्या, पहिली चाल तुमची, अन मुद्दाम हाराचं नाई — तुम्ही पण नाई, मी पण नाई.

थांबा, हात नका लावू. आधी ते तोंडातलं थुंकून या.