क्रोकेटमधलं सत्त्व

क्रोकेट हे आम्हा डच लोकांचं पूर्णान्न आहे, याबद्दल देशात दुमत नाही. दुमत फक्त आहारतज्ज्ञांचं आहे, आणि ते त्या दुपारी स्नॅकबारच्या रांगेत नव्हते. माझ्यापुढे होते एक हडकुळे म्हातारे आणि त्यांच्या वहिनी.

“वजन वाढल्याशिवाय खुब्याचं ऑपरेशन नाही, वुब्बो भावोजी. ऐकलंत ना डॉक्टरांचं?”

“भूकच लागत नाही हो, फ्रौके वहिनी. माझी रीन्का गेल्यापासून पाव आणि चीज, चीज आणि पाव.”

“म्हणून तर इथे आणलं. आत मांसाचा दाट रस्सा, लोणी, मैदा, दूध. वर पावाचा चुरा, आणि मग तळण! चार पातेल्यांचं जेवण एका बोटाएवढ्या गुंडाळीत. आहे कुणाची छाती?”

“आणि भाजी?”

“मोहरीची चटणी देतात की! मोहरी काय खाणीतून काढतात?”

“रीन्का आधी काट्यानं भोक पाडायची. म्हणायची, वाफ जाऊ दे, जीभ भाजेल.”

“मी पाडते. खाणार ना?”

“दोन सांगा. पावात.”

“शाब्बास! अहो ताई, ह्यांना दोन क्रोकेट, पावात. चटणी भरपूर.”

“आणि तुम्हाला?”

“मला काकडीची कोशिंबीर. क्रोकेट मला डॉक्टरांनी बंद केलंय.”