लांबून दिसणारा रंग

अमेरिकेतल्या टाहो सरोवराजवळच्या एका डोंगरी ट्रेलच्या पायथ्याशी रेंजरच्या खिडकीसमोर रांग होती. माझ्यापुढे एक नवरा-बायको होते, रेनकोटसकट चिंब भिजलेले.

"तू बाबांना एकटं सोडलंसच कसं, ईशान?"

"अगं उल्का, तेच म्हणाले, तिला गाडीपर्यंत सोडून ये, मी इथेच थांबतो. रोज पर्वती चढणारा माणूस आहे मी, म्हणाले!"

"पर्वतीवर बर्फ असतो?"

"अर्ध्या तासात परत गेलो गं. तिथे नव्हते. पावसानं पावलांचे ठसेही पुसले."

"फोन?"

"रेंजच नाहीये. हे बघ, आता रडू नकोस. रेंजरला नीट सांगू या. वय एकाहत्तर, चष्मा, लाल जॅकेट. बर्फात लांबून दिसावं म्हणून मुद्दाम लाल घेतलं होतं मी."

"ईशान, लाल सांगू नकोस."

"का?"

"खाली निघताना तू पुढे ट्रेल चेक करायला गेलास ना, तेव्हा मी मागे त्यांच्यापाशी कुडकुडत होते. त्यांनी काढून मला दिलं. ईशानला सांगू नकोस म्हणाले. रेनकोटच्या आत मीच घातलंय."

"मग त्यांच्या अंगावर काय आहे?"

"स्वेटर. आईंनी विणलेला."

"कुठला?"

"पांढरा."