फ्यूजवरचा कापलेला दोरा

उस्मानभाईंच्या शोकसभेला जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, बाजारपेठेतल्या दुकानदार बंधूंनो, उस्मानभाईंचा भाऊ युसूफ, आणि डाव्या बाजूला बायकांमध्ये बसलेल्या उस्मानभाईंच्या पत्नी जरीनाभाभी,

मला भाषणाची सवय नाही. मी भजनात गातो, तेही चारजणांच्या आवाजात आवाज मिसळून. एकट्याने माइकपुढे उभं राहायची ही पहिलीच वेळ.

मी उभा राहिलो तेव्हा मागच्या रांगेत कुजबूज झाली. मी ऐकली. "ज्याची गाडी जळली त्योच बोलाय लागलाय की," असं कुणीतरी म्हणालं. बरोबर आहे. तोच मी. उस्मानभाई नदाफ यांनी ज्या गाडीच्या डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवला, ती गाडी माझी. ती कोयनानगरहून येताना जळली. त्यानंतर महिन्याभरात उस्मानभाई हार्ट अटॅकने गेले. या दोन गोष्टींच्या मधे काय झालं, ते सांगायला मी उभा आहे. दोन चांगले शब्द बोलून खाली बसावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. चांगले शब्द बोलणारच आहे. पण नुसते तेवढे बोलून बसवणार नाही मला.

आमच्या भजनी मंडळाला गावोगाव जावं लागतं. वाटेत जुन्या बुवांची रेकॉर्डिंग ऐकायची असतात. गाडीच्या मूळ स्पीकरवर पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. म्हणून मी पलूसला उस्मानभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बापू, काय वाजवायचं? डीजे का भजन?"

मी म्हणालो, "भजन."

"मग उद्या पखवाज घिऊन या."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी आमचे पखवाजवाले नाना दुकानात पोत्यावर बसून वाजवतायत आणि उस्मानभाई डिकीत डोकं घालून बटण फिरवतायत. आधी खरा पखवाज ऐकायचे, मग रेकॉर्डिंगमधला. मला म्हणाले, "आवं बापू, ह्यो आवाज डिकीतनं आल्यागत वाटला तर माजं चुकलं. त्यो तुमच्या म्होरं वाजला पायजे."

त्यांचं काम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. करंटची वायर गाडीच्या एका अंगाने, आवाजाची दुसऱ्या अंगाने, म्हणजे इंजिनाची घूं घूं गाण्यात शिरत नाही. बेसचा डबा पट्ट्याने आवळलेला, करकचून ब्रेक दाबला तरी जागचा हलणार नाही. अ‍ॅम्प्लिफायरभोवती हवेला वाट. वर कार्पेट असं बसवायचे की आत काही आहे हे कळू नये. कार्पेटचा गोंद सुकत घातला की म्हणायचे, "चिकटू द्या. मी नमाज पढून येतो." मग मीही बाकड्यावर बसून माझं नाम घ्यायचो. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

आणि दोरा. मंडळी, मी आज त्या दोऱ्यासाठी उभा आहे.

नदाफांचं घराणं कापूस पिंजणारं. उस्मानभाईंचे वडील गाद्या शिवायचे. उस्मानभाई वायरिंगमध्ये शिरले, पण दोरा घरचाच राहिला. प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांना आवडायच्या नाहीत. म्हणायचे, उन्हाने तडकतात. गादीचा जाड दोरा, त्याला मेण लावलेलं, आणि गादीला मारतात तसली गाठ. बॉनेटखाली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ते फ्यूज बसवायचे. त्या फ्यूजच्या डबीवर ही गाठ असायची. मी विचारलं, "उघडायची वेळ आली तर?"

"सुटत न्हाई ती, बापू. कापावीच लागती. आन् कुणी कापली का मला कळतं. फ्यूज उडला तर दुकानात यायचं. दुसरा मीच घालणार. तुमी हात लावायचा न्हाई."

आता गाडी कशी जळली ते. कोयनानगरला भजन करून आम्ही दुपारी निघालो. पाटणच्या अलीकडे एका वळणावर जळका वास आला. मागे पाहिलं तर डिकीतून धूर. आम्ही उतरलो, टाळ-पेटी राहिली आत. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली, ही पांडुरंगाची कृपा. मागची बाजू जळून गेली. लोकांनी माती टाकून विझवली, म्हणून बॉनेट वाचलं.

गाडी टेम्पोवर घालून गावात आणली. त्याआधीच निकाल लागला होता. "नदाफाच्या वायरिंगनं जळली." कुणी सांगितलं? कुणीच नाही आणि सगळ्यांनी. पारावर एकाने मला विचारलं, "आपल्यातला माणूस सोडून तिकडं कशाला गेलतास रं?" मी त्याला म्हणालो, "गड्या, त्या डब्यातनं विठ्ठलाचं नाव वाजत हुतं, तवा तुला ऐकाय गोड लागत हुतं का न्हाई?" तो उठून गेला. पण पलूसच्या दुकानापुढची गाड्यांची रांग त्या आठवड्यातच आटली. खरं का खोटं? दुकानदार बंधूंनो, तुम्ही समोरच होतात. तुम्ही पाहिलंत.

आणि मग उस्मानभाई माझ्या दारात आले. कुणी बोलावलं नव्हतं. डिकीकडे गेलेच नाहीत. सरळ बॉनेट उघडलं. खाली वाकले आणि फ्यूजच्या डबीवर बोट ठेवलं. मीही वाकून पाहिलं.

दोरा ब्लेडने कापलेला होता. वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली. आत फ्यूज नव्हता. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारांचा पीळ घातला होता.

इथे शेतकरी मंडळी आहेत. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला फ्यूज उडाला की आपण काय करतो? तालुक्याला कोण जाणार, पाणी पाळीचं असतं, म्हणून घालतो तार. चालतंय म्हणतो. कुणीतरी माझ्या गाडीत तेच केलं. फ्यूज असता तर उडाला असता, गाणं बंद पडलं असतं, बास. तार उडत नाही. वायर तापत राहते.

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे. म्हणाले, "बापू, गाठ कुणी कापली?"

मी म्हणालो, "मला ठावं न्हाई."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. चहा नको म्हणाले. गेले. त्यानंतर भेट झाली ती मयतीला.

मंडळी, ते "बरं" माझ्या छातीत अडकलंय. त्यांना पटलं होतं का? की त्यांना वाटलं, हाच तो, आणि आता अंग काढून घेतोय? त्यांनी बाजारात कुणालाच तार दाखवली नाही. स्वतःचं नाव धुवून काढायला एक वाक्य पुरलं असतं. का बोलले नाहीत? कुणाला झाकत होते? मला?

म्हणून मी शोधू लागलो. आणि संशय ही फार वाईट वस्तू आहे, हे मला या वयात कळलं. गाडी जळण्याआधी मिरवणुकीला गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी नेली होती. तिथे जादा कर्णे जोडले होते, हे मला उशिरा कळलं. मग मेव्हण्याने हळदीला नेली. मग आम्ही भजनाला. मी सगळ्यांना विचारलं. मंडळाची पोरं म्हणाली, "आमी दिली तवा लय भारी वाजत हुती." मेव्हणा म्हणाला, "दाजी, माज्यावर आळ घेताय व्हय? बहिणीला सांगू का?" नाना म्हणाले, "मला पखवाजाची वादी आवळाय येती, वायर न्हाई." सगळ्यांचं उत्तर तयार होतं. फार तयार होतं.

घरात गाडीची चावी उघड्यावर खुंटीला असते. एकदा जेवताना माझा मुलगा म्हणाला, "अप्पा, माज्या हाताकडं काय बघताय सारखं?" मी घास खाली ठेवला. उस्मानभाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं होतं, तसाच मी पोटच्या पोराच्या हातांकडे पाहत होतो. देवाचं नाव घेताना टाळ वाजवणाऱ्यांचे हात पाहतो. आत्ता इथून तुमचे पाहतोय. काही जणांनी मांडीखाली घेतले. थंडी नाही आज.

ज्यांना मी विचारलं ते सगळे या हॉलमध्ये आहेत. मी मुद्दाम निरोप धाडले होते.

या टेबलावर हार-फोटो नाही. घरच्यांना तो नको होता. तिथे मी रुमालात आणलेली वस्तू ठेवतोय. ही फ्यूजची डबी. हा कापलेला दोरा. ही तार. जाताना प्रत्येकाने बघून जा. ज्यांनी पारावर निकाल दिला त्यांनी आधी बघा, आणि उद्या त्याच पारावर सांगा, काय पाहिलं ते. उस्मानभाईंची गाठ सुटली नव्हती. कापली होती.

ज्याने कापली त्याने मला सांगू नये. मला सांगून उपयोग नाही. सोमवारी युसूफ भावाच्या दुकानाचं शटर वर करणार आहे. त्याच्याकडे जा. "गाठ मी कापली," एवढं म्हणा. मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, "बापू, मी त्येला च्या पाजीन. दुसरं काय इचारणार न्हाई." भाभींनीही मान हलवली. मग त्या माणसाने तेच बाजारात सांगावं. चुकीने केलं, हे सगळ्यांना कळतंय. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण एका माणसाचं नाव जळालं, आणि ते विझवायला कुणी माती टाकली नाही.

आता उभे राहूया. थोडा वेळ शांत राहू. ज्याला जी प्रार्थना येते ती त्याने मनात म्हणावी. डोळे मिटायचे त्यांनी मिटावेत. मी उघडे ठेवणार आहे.

त्याआधी एक शेवटचं, तुम्हाला नाही, त्यांना.

उस्मानभाई, तुम्ही विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला ठावं न्हाई. ते खरं होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं तेव्हा सुचलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो. मी न्हाई कापली, उस्मानभाई. मी न्हाई.

सलाम.